पंचवीस हजारांत गाणी विकू की स्वतःचं लेबल काढू?

कराडहून एका तरुणाने विचारलंय : "मी २३ वर्षांचा आहे. बहिणीने लिहिलेल्या तीन गाण्यांना चाली लावून मी ती घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड केलीत. हलगी मित्राने वाजवलीय. एक म्युझिक कंपनी तिन्ही गाण्यांचे मिळून २५ हजार देते म्हणतेय, पण सगळे हक्क कायमचे त्यांचे. मित्र म्हणतात देऊ नको, स्वतःचं लेबल काढ. लेबल काढतात म्हणजे नक्की काय करतात? बाहेरच्या देशांत हे कसं सुरू झालं? आणि आमच्यासारख्याला ते झेपेल का?"

वय लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी १९९४ पासून पुण्यात रेकॉर्डिस्ट म्हणून काम करतोय. मधली काही वर्षं एक छोटं लेबलही चालवलं. त्याची मिळकत म्हणजे नऊ कॅसेट, चार सीडी आणि माळ्यावर अजून पडून असलेला न विकलेला माल.

आधी उत्तर, पाल्हाळ नंतर. त्या कागदावर आज सही करू नकोस. २५ हजार कमी आहेत म्हणून नव्हे. नवख्याच्या तीन गाण्यांना एवढे रोख पैसे सहसा कोणी देत नाही. अडचण 'कायमचे' या शब्दात आहे. आणि लेबल काढणं झेपेल का म्हणशील, तर निम्मं लेबल तू काढून बसला आहेस, तुला पत्ता नाही एवढंच.

लेबल म्हणजे तबकडीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद. त्यावर कंपनीचं नाव असायचं, म्हणून कंपनीलाच लोक लेबल म्हणू लागले. त्या कागदामागे चार कामं होती : रेकॉर्डिंगला पैसे घालणं, तबकड्या छापून घेणं, त्या दुकानापर्यंत पोचवणं, आणि कोणाचं काय आहे हे लिहून ठेवणं. पहिल्या तिन्हींना इतका पैसा लागायचा की चौथं आपोआप पैसेवाल्याच्या मर्जीने व्हायचं. पुढे पहिली तीन एकेक करून स्वस्त होत गेली. चौथ्याला तेव्हाही कागद आणि पेनच लागत होतं, पण आपण सगळे तिथेच मार खातो.

लोकांना वाटतं छोटी लेबलं पंक नावाचं बंडखोर रॉक वाजवणाऱ्या पोरांनी शोधली. तसं नाही. अमेरिकेत मेम्फिसला सॅम फिलिप्सने १९५२ मध्ये सन रेकॉर्ड्स काढलं. एल्विस प्रेस्ली त्याच्याकडेच पुढे आला, आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्सने त्याचा करार आरसीए या बड्या कंपनीला ३५ हजार डॉलरना विकून टाकला. आज वाटतं, वेडा की काय हा माणूस! पण त्याच्या जागी बसून बघ. तबकडी छापणारा कारखाना पैसे आधी मागतो, वितरक माल खपल्यावर देतो, तेही त्याला सवड झाली की. गाणं आपटलं तर पाच-सातशे तबकड्या अंगावर पडतात आणि विषय संपतो. गाणं चाललं तर पुढच्या पन्नास हजार तबकड्या छापायला पैसा आणायचा कुठून? छोट्या लेबलांना पडलेल्या गाण्यांइतकंच चाललेल्या गाण्यांनी बुडवलंय. कॅसेटच्या धंद्यात आम्हीही हेच पाहिलं.

तुझ्या प्रश्नाला खरी लागू पडणारी गोष्ट मँचेस्टरची आहे. बझकॉक्स नावाच्या चार पोरांच्या बँडने मित्र आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले. तेव्हाच्या दराने साडेसात हजार रुपयांच्या आसपास. २८ डिसेंबर १९७६ ला स्टुडिओत गेले, तीन तासांत चार गाणी रेकॉर्ड केली, आणखी दोन तासांत मिक्स करून मोकळे. मिक्सरवर मार्टिन हॅनेट होता. पुढे जॉय डिव्हिजन या बँडचा तो गार, पोकळ, रिकाम्या गोदामासारखा आवाज ज्याने घडवला तोच हा. कव्हरचा फोटो त्यांचा मॅनेजर रिचर्ड बून याने पोलरॉइड कॅमेऱ्याने काढला. लेबलचं नाव न्यू हॉर्मोन्स, म्हणजे त्यांचंच. जानेवारी १९७७ मध्ये १००० तबकड्या छापल्या, उसने पैसे फिटावेत एवढीच अपेक्षा ठेवून. होता होता सोळा हजारांच्या घरात खपल्या.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मागचं कव्हर. कुठलं गाणं कितव्या टेकला ओके झालं, वरून किती डबिंग केलं, सगळं छापलेलं. बड्या कंपन्या स्टुडिओतलं काम जादूसारखं झाकून ठेवायच्या. या पोरांनी पाककृतीच छापून दिली.

एक गोष्ट मात्र या कथेत लोक सोयीने गाळतात. तबकडी बाजारात आल्यावर लगेचच त्यांच्या गायकाने बँड सोडला आणि उरलेल्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युनायटेड आर्टिस्ट्स या मोठ्या कंपनीशी करार केला. तेव्हा 'स्वतःचं लेबल' हे काही व्रत नव्हतं. कोणी विचारत नव्हतं म्हणून स्वतः केलं, विचारल्यावर गेले. मला त्यात वावगं काही वाटत नाही. पण गेले तेव्हा हातात खपलेला माल होता, आणि तो दाखवून बोलणी करता येत होती. तुझ्या हातात आज काय आहे? न ऐकलेली तीन गाणी. त्यांचा भाव समोरचाच ठरवणार. हीच गाणी सहा महिने तुझ्या नावावर चालली तर बोलणी वेगळी होतील.

त्याच १९७७ मध्ये लंडनला डेस्परेट बायसिकल्स नावाचा एक बँड निव्वळ स्वतःची एक तबकडी काढायची या हट्टापायी जमला. पहिल्या तबकडीला एकूण खर्च आला १५३ पौंड. तो आकडा त्यांनी दुसऱ्या तबकडीच्या कव्हरवर छापला आणि वाचणाऱ्याला म्हणाले, आता तुम्ही काढा. पुढच्या वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडने तर कव्हरवर खर्चाचा तपशीलच दिला : स्टुडिओ इतका, छपाई इतकी, मधल्या गोल कागदाचे इतके. गणेश मंडळाच्या अहवालात शेवटच्या पानावर जमाखर्च छापतात ना, अगदी तसा. हे वाचून ब्रिटनभर पोरांनी शेकड्यांनी तबकड्या काढल्या. बऱ्याचशा भिकार होत्या, हे मी ऐकून सांगतो. पण खर्चाचं गुपित एकदा फुटल्यावर ते परत झाकता आलं नाही.

आता खरी मेख. तबकडी छापली, पुढे काय? हजार तबकड्या घरात पडल्या की पहिल्या आठवड्यात अभिमान वाटतो, दुसऱ्यात आई विचारते हे उचलणार कधी. इथे जेफ ट्रॅव्हिस हा माणूस येतो. त्याने १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये रफ ट्रेड नावाचं दुकान काढलं. कोणीही स्वतःची तबकडी घेऊन यावं, आवडली तर ते ठेवून घेत, आणि दुसऱ्या गावांतल्या तसल्याच दुकानांना पाठवत. १९७८ मध्ये त्यांनी स्वतःचं लेबलही काढलं. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम लेबल नव्हे, वितरण. पुढे लिव्हरपूल, यॉर्क, ब्रिस्टल, एडिंबरा इथल्या दुकानदारांना जोडून त्यांनी द कार्टेल नावाचं जाळं विणलं. त्यामुळे मँचेस्टरच्या पोराची तबकडी बड्या कंपनीच्या ट्रकमध्ये न बसता देशभर जाऊ लागली. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये 'इंडी' गाण्यांचा वेगळा तक्ता छापायला लागले. त्यात यायची अट काय होती माहितीय? गाणं कसं वाजतं याच्याशी काही संबंध नव्हता. तबकडीचं वितरण बड्या कंपन्यांच्या बाहेरून झालेलं हवं, बस. आज आपल्याकडे गिटार घेऊन हळू आवाजात गायलं की 'इंडी' म्हणतात. मुळात तो शब्द ट्रक कोणाचा यावरून आलाय.

ते जाळंही टिकलं नाही. १९९१ मध्ये रफ ट्रेडचं वितरण कोसळलं आणि बऱ्याच छोट्या लेबलांची येणी त्यात अडकली. संगीतावर जीव असणाऱ्यांनी हिशोबात ढिलाई केली, आणि ज्यांच्यासाठी केली तेच बुडाले.

मँचेस्टरचंच दुसरं लेबल फॅक्टरी रेकॉर्ड्स. टोनी विल्सन हा टीव्हीवर बातम्या देणारा माणूस आणि त्याचे मित्र यांनी १९७८ मध्ये सुरू केलं. पद्धत अशी : खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, आणि कोणाला बांधून ठेवायचं नाही. त्यांनी एक कागद केला होता, त्याचा सारांश म्हणजे संगीतकारांचं सगळं संगीतकारांचं, कंपनीचं काहीच नाही. विल्सनने त्यावर स्वतःच्या रक्ताने सही केली असं सांगतात. फॅक्टरीने उधळपट्टीही तशीच केली. १९८३ मध्ये न्यू ऑर्डर या त्यांच्या बँडच्या एका बारा इंची तबकडीचं कव्हर त्यांनी फ्लॉपी डिस्कसारखं भोकं पाडून बनवलं. ते इतकं महाग पडलं की प्रत्येक तबकडीमागे तोटा होत होता, अशी कहाणी त्यांचेच लोक हसत सांगायचे. ती तबकडी तुफान खपली. म्हणजे तोटाही तुफान.

१९९२ च्या अखेरीस फॅक्टरीचं दिवाळं वाजलं. त्याआधी लंडन रेकॉर्ड्स ही दुसरी कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला आली होती. त्यांनी कपाटं उघडली, तर विकत घेण्यासारखं फारसं काही नव्हतंच! तो जुना कागद निघाला आणि न्यू ऑर्डरची गाणी न्यू ऑर्डरचीच ठरली. धंदा बुडाला, पण पोरांचे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, वाचले. एका पानाच्या कागदाने. हा प्रसंग मी दर वेळी सांगतो, कारण माझ्याकडेही एक पानाचा कागद आहे आणि त्याने उलटं काम केलं.

ती माझी गोष्ट सांगतो. १९९९ मध्ये मी आठ अभंगांना चाली लावल्या, गायलो, रेकॉर्डही स्वतःच केले. रात्री स्टुडिओ रिकामा असायचा तेव्हा. मुंबईच्या एका कंपनीने कॅसेट काढली. मला ८ हजार रुपये दिले आणि एक कागद पुढे केला. 'सर्व माध्यमांतील, सध्या अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या, सर्व हक्क कायमस्वरूपी.' मी वाचलं होतं. भविष्यात काय येणार, कॅसेटनंतर सीडी, असा माझा हिशोब. कॅसेट पंढरीच्या वारीत बऱ्यापैकी खपली. पुढे कंपनी बंद पडली आणि तिचा सगळा साठा किलोच्या भावाने दुसऱ्या कंपनीकडे गेला. २०१४ मध्ये वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यातला एक अभंग मी यूट्यूबवर टाकला, त्यांचा आवडता म्हणून. दोन दिवसांत नोटीस आली : हे ध्वनिमुद्रण अमुक कंपनीचं आहे. आवाज माझा, चाल माझी, तानपुराही मीच लावलेला. त्या कंपनीने चूक काहीच केली नव्हती. सही माझी होती.

म्हणून आता कायद्याचं थोडं, कंटाळा न करता वाच. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, शब्द आणि चाल. दुसरी, त्याचं ध्वनिमुद्रण, ज्याला आम्ही मास्टर म्हणतो. शब्द तुझ्या बहिणीचे, चाल तुझी. मास्टर कोणाचा? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या खर्चाने तू केलंस. म्हणजे तीन मास्टरचा मालक तू आहेस. लेबलाकडे असावी लागते ती एकच खरी मालमत्ता आत्ताच तुझ्याकडे आहे. निम्मं लेबल म्हटलं ते यामुळे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. तू ८३ वर्षांचा होईपर्यंत. आता २५ हजारांना ६० ने भागून बघ.

याच कायद्यात दोन-तीन गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. फोनवर 'हो' म्हटल्याने काही जात नाही. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे शब्द न विसरता घालतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कराराने काढून घेता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कोणाला नाही. यासाठी जावेद अख्तर आणि मंडळी बरीच भांडली. ती रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस. तू आणि बहीण दोघंही तिचे सभासद व्हा, ती गीतकार म्हणून, तू संगीतकार म्हणून. बहीण म्हणेल मला काय करायचंय. तिला करायला लावच.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे असंही समजू नकोस. दीर्घकाळ इथे रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही. कोणी गायचं, काय गायचं, किती छापायचं, ते ठरवणार. मग १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि तो किल्ला पडला. गुलशन कुमारच्या टी-सीरिजचं नाव सगळे घेतात, पण मला महत्त्वाचे वाटतात ते गावोगावचे छोटे कॅसेटवाले. कोऱ्या कॅसेट, एक डुप्लिकेटिंग मशीन आणि ऑफसेटवर छापलेलं इनले कार्ड, एवढ्यावर धंदा उभा राहायचा. भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या, वग, खंडोबाची, एकवीरेची गाणी, गोव्यात तियात्रातली कांतारां. एचएमव्हीच्या यादीत ज्यांना कोपरा मिळत होता ते एकदम एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर ओळीने लागले. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आणि त्यांच्यामागून आनंद-मिलिंद शिंदे घराघरांत, रिक्षा-टेम्पोत पोचले ते याच फितीवरून. दुसऱ्या टोकाला पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊस. सुरेश अलूरकरांनी मल्लिकार्जुन मन्सूर, मालिनी राजूरकर अशांच्या मैफली कॅसेटवर आणल्या. लेबल छोटं, माणसं डोंगराएवढी. चोरटी कॉपीही त्याच मशीनवर व्हायची, हे सांगायलाच नको. माझ्या पहिल्या कॅसेटची नक्कल जत्रेत माझ्याच समोर दहा रुपयांनी स्वस्त मिळत होती. इनलेवर माझं नावही चुकीचं.

तेव्हा छापणं स्वस्त झालं. रेकॉर्डिंग स्वस्त व्हायला परदेशात १९७९ मध्ये टॅस्कमचं पोर्टास्टुडिओ हे यंत्र निमित्त झालं : साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, टेबलावर मावणारं. ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्याने १९८२ चा एक अख्खा अल्बम त्यावरच घरी केला आणि डेमो म्हणून केलेलंच बाजारात गेलं. आपल्यापर्यंत ते फारसं पोचलं नाही. आपण स्टुडिओतून थेट कॉम्प्युटरवर उडी मारली. तुझ्या लॅपटॉपमध्ये आज जे आहे ते १९९४ मध्ये मी ज्या स्टुडिओत लागलो तिथल्या अख्ख्या खोलीत नव्हतं. त्याबद्दल फार सांगत नाही, तू करतोच आहेस. एवढंच : हलगी माइकपासून चार-पाच फूट लांब ठेव, नाहीतर ती चाबकासारखी फुटते. भिंतीला फोम चिकटवण्याआधी आजीच्या दोन गोधड्या टांगून बघ. आणि गाताना पंखा बंद. शेजारच्या कुकरचं काही करता येत नाही.

राहिलं वितरण. आज दुकान म्हणजे स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, जिओसावन वगैरे, आणि कार्टेलच्या जागी आहेत वितरण करणाऱ्या ऑनलाइन सेवा. डिस्ट्रोकिडसारख्या वर्षाला ठरावीक रक्कम घेतात आणि कमाईत वाटा मागत नाहीत. पैसे भरायचं थांबवलंस तर गाणी उतरू शकतात. सीडी बेबीसारख्या एकदाच पैसे घेतात आणि कमाईतले ९ टक्के कापतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी-आकडी क्रमांक लागतो, तोही या सेवाच देतात. तो वहीत लिहून ठेव. उद्या सेवा बदललीस तर तोच क्रमांक पुन्हा द्यायचा असतो, नाहीतर आधीचा ऐकणाऱ्यांचा आकडा शून्यावर येतो. शाळा बदलली तरी दाखल्यावरची जन्मतारीख बदलत नाही, तसं समज.

पैसे किती मिळतील? इथे बरेच जण थापा मारतात. एका ऐकण्याला ठरलेला दर नसतोच. त्या महिन्याची जमा, त्यातला हक्कधारकांचा हिस्सा, आणि एकूण ऐकण्यांत तुझा वाटा, असं गणित. वर जाहिरातींवर फुकट ऐकणारे भारतात जास्त, म्हणून इथल्या ऐकण्याला परदेशातल्यापेक्षा कमी पडतात. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियमच केलाय की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला काहीच नाही. पहिल्या वर्षी तुला नेटपॅकचा खर्च सुटला तरी मी चांगलं म्हणेन. बँडकँप या साइटवर मात्र ऐकणारा गाणं विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते कापतात. न्यू जर्सीत बसलेल्या शंभर मराठी माणसांनी तिथे गाणं विकत घेतलं तर ते लाखभर फुकट ऐकण्यांना भारी पडू शकतं. ती शंभर माणसं शोधणं हे काम आहे, आणि ते कुठलीही सेवा करून देत नाही. रफ ट्रेडच्या काउंटरवरचा माणूस 'हे ऐकून बघ' म्हणायचा. तो माणूस आज कोणीच नाही, ही या स्वस्ताईची खरी किंमत आहे असं मला वाटतं. रोज इतकी गाणी चढतात की चढवणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं.

तरी मार्ग निघतो. जळगावकडच्या संजू राठोडचं गाणं २०२४ मध्ये स्वतःच्या चॅनेलवरून देशभर वाजलं, तेही मराठीत. मुंबईच्या स्वदेशी या रॅपवाल्यांनी आरे आणि वारल्यांच्या प्रश्नावर मराठीतून गायलं, आणि दिल्लीचं २०१७ मध्ये सुरू झालेलं आझादी रेकॉर्ड्स हे छोटं लेबल त्यांच्यामागे उभं राहिलं. दोन्हींची वाट वेगळी. पहिला लग्नांत वाजतो, दुसरे मोर्च्यात. तुझी हलगी कुठे वाजेल ते तूच ठरव.

आता या आठवड्यात काय करायचं. एक दोनशे पानी वही घे. पहिल्या पानावर तिन्ही गाण्यांची नावं, कोणी लिहिलं, कोणी चाल लावली, कोण गायलं, हलगी कोणी वाजवली, कमाईतला वाटा कोणाचा किती टक्के. तिघांच्या सह्या, तारीख. हलगीवाला म्हणेल, "दोस्तीत केलंय रे, कागद कसला?" दोस्ती आहे तोवरच कागद करायचा असतो. वाजवणाऱ्यालाही कायद्याने हक्क आहेत. त्याला टक्के द्यायचे की एकरकमी मानधन, ते आत्ता बोला. मागच्या पानापासून खर्च लिहायला लाग : माइक, इंटरफेस, केबल, कव्हरचा फोटो काढणाऱ्याला दिलेला वडापावसुद्धा. लेबल रजिस्टर करायला कुठली वेगळी सरकारी परवानगी लागत नाही. सुरुवातीला तुझ्याच पॅनवर, एका वेगळ्या बँक खात्यावर चालतं. पैसे यायला लागले की सीए गाठ.

कंपनीला नाही म्हणून तोडू नकोस. उत्तर दे की मास्टर विकत नाही, पण तीन वर्षांसाठी लायसन द्यायला तयार आहे. म्हणजे मालकी तुझी, वापर त्यांचा. २५ हजार हे आगाऊ समजायचे, ते वसूल झाल्यावर पुढची कमाई निम्मी-निम्मी, दर सहा महिन्यांनी लेखी हिशोब, मुदत संपली की गाणी आपोआप परत. तीन गाण्यांऐवजी एकच देऊन बघायलाही हरकत नाही. त्यांनी मान्य केलं तर घे, त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त ऐकणारे आहेत हे विसरू नकोस. "आमचा फॉरमॅट हाच असतो, सगळे सही करतात" असं म्हणाले तर चहा पिऊन ये. १९९९ मध्ये मलाही हेच वाक्य ऐकवलं होतं.

लेबलचं नाव ठरवण्याआधी ते यूट्यूबवर, स्पॉटिफायवर आणि ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधून बघ. शोध फुकट असतो. तुझं स्वतःचं नाव दुसऱ्या एखाद्या गायकाचंही असेल तर गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात आणि परत आणायला महिना जातो, तेव्हा गावाचं किंवा आजोबांचं नाव जोड. आणि बहिणीचं नाव इंग्रजीत भरताना स्पेलिंग एकदाच ठरवा. आयपीआरएसच्या अर्जात एक, वितरणाच्या फॉर्मवर दुसरं आणि बँकेत तिसरं असं झालं तर पैसे मध्येच कुठेतरी अडकून राहतात. माझे २०१६ चे अजून अडकलेत.